कोणी पाजलं

१४ जानेवारी

प्रिय काकू,

आधी बातमी, मग तब्येतीची चौकशी. ठिगळ लागलं!

मागे तुला समजावलं होतं, पण तेव्हा काका मध्येमध्ये कोट्या करत होते, म्हणून पुन्हा सांगते. तुझ्या प्राणिगृहात उंदरांचे दोन वंश आहेत. एक तुझे 'तापट', ज्यांचा रक्तदाब पिढ्यान्पिढ्या जन्मापासूनच चढा. दुसरे 'शांत', ज्यांना कशाचंच काही वाटत नाही. आमच्या कागदांत त्यांना अक्षरं आणि आकडे आहेत, पण मी मनात तू ठेवलेली नावंच वापरते. तापटाच्या एका गुणसूत्राचा लहानसा तुकडा जाऊन त्या जागी शांताचा तुकडा यावा, म्हणून सरांनी मी यायच्या आधीपासून निवडून निवडून जोड्या लावल्या. दहा पिढ्या. बाकी सगळा उंदीर तापट, तेवढं एक ठिगळ शांताचं. हे ठिगळवाले तूच वाढवलेस आणि पाच आठवड्यांचे झाल्यावर खोक्यातून मला पाठवलेस.

चोवीस ठिगळवाले मोजून झाले. त्यांचा दाब तापटांपेक्षा सरासरी अठरा अंकांनी कमी आहे. अठरा! म्हणजे जे काय आहे ते त्या तुकड्यात आहे. पाच वर्षांत पहिल्यांदा सरांनी मला स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला. एक मार्चला ते लेख पाठवणार आहेत, एप्रिलमध्ये माझा प्रबंध.

आता तुझं काम. बाहेरचे परीक्षक जरा किरकिरे आहेत. त्या चोवीस उंदरांच्या जन्मनोंदीची प्रत त्यांना हवी आहे. तुमच्या साहेबांची सही-शिक्का घेऊन पाठव.

परवा थोरली आत्या भेटली. मला बघून म्हणाली, "अगदी आईवर गेलीस गं!" आणि लगेच जीभ चावली. आई बत्तिसाव्या वर्षी डोक्यातली शीर फुटून गेली, तिची आईही तशीच, आणि मला जूनमध्ये बत्तिसावं लागेल, एवढं सगळं गणित मला तिच्या चेहऱ्यावर वाचता आलं. मी हसून म्हटलं, "आत्या, तो तुकडा सापडलाय आता." तिला काही कळलं नाही. तुला कळेल. चार वर्षांची असताना तुझ्या दारात आले, तेव्हापासून तुलाच सगळं कळत आलंय.

मी ठणठणीत आहे.

तुझी,
भिंगरी


२७ जानेवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद नेहमीचेच. काकांनी तुझी बातमी गल्लीतल्या न्हाव्यापर्यंत पोचवली. न्हाव्याने विचारलं, "उंदराचं प्रेशर मोजतात कुठे?" काकांनी सांगितलं, "शेपटीला." आता न्हाव्याचा काकांच्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास राहिलेला नाही.

रजिस्टरची प्रत सोबत आहे. चोवीसही नोंदी बरोबर आहेत: तारीख, पिंजरा, आई, बाप, पिल्लं किती, नर किती, मादी किती. साहेबांनी न वाचता सही केली, ती त्यांची पद्धत.

पण मी नोंदी काढताना माझी निळी वहीही काढली. ती सरकारी नाही, माझी आहे. त्यात मी रजिस्टरमध्ये न मावणाऱ्या गोष्टी लिहिते. तुझ्या चोवीसपैकी पंधरा पिल्लं जन्मली ठिगळवाल्या मादीला, पण वाढली शांत मादीच्या अंगाखाली.

झालं असं, की गेल्या वर्षी त्या ठिगळवाल्या माद्या आया म्हणून अगदीच बेकार निघाल्या. एक पिल्लं तुडवायची, एकीचं दूध आटलं, एकीने दोन खाल्ली. एका वेताची नऊ पिल्लं सकाळी मी मोजली, दुपारी सात. मग मी काय बघत बसू? त्याच दिवशी व्यालेली शांत मादी शोधायची, तिच्या बिछान्यातला भुसा हातावर चोळायचा, पिल्लांना चोळायचा, म्हणजे वास सारखा होतो, आणि तिच्या कुशीत सारून द्यायची. ती हुंगते, एकदा माझ्याकडे बघते आणि पाजायला लागते. तीस वर्षं मी हेच करत आले. पिल्लं मेली तर मला लेखी कारण मागतात. जगली तर कोणी काही विचारत नाही.

रजिस्टरमध्ये 'आई' या रकान्यात जन्मदात्रीच लिहायची, असा नियम आहे. तो मी पाळला. कोणी पाजलं याला रकानाच नाही.

आणखी एक. तापटाचं पिल्लू शांत मादीखाली वाढलं की मोठेपणी हातात घेताना धडपडत नाही. हे मी बारा वर्षांपूर्वी साहेबांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही पिंजरे बघा."

आता हे तुझ्या उपयोगाचं आहे की अडचणीचं, ते तू ठरव. पंधरा पिल्लांचे नंबर मागच्या पानावर लिहिले आहेत.

काकू


६ फेब्रुवारी

काकू,

हे तू मला आत्ता सांगतेस?

मी नंबर लावून बघितले. आईनेच पाजलेले जे नऊ आहेत, त्यांचा दाब तापटांपेक्षा फक्त सहाने कमी आहे. तू हलवलेल्या पंधरांचा पंचवीसने. सगळी गंमत त्या पंधरात आहे. माझं ठिगळ कुठे संपतं आणि तुझी शांत मादी कुठे सुरू होते, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

तू पिल्लं वाचवलीस, मान्य. पण एक चिठ्ठी खोक्यात टाकायला काय झालं होतं? पाच वर्षं, काकू. रोज सकाळी उंदीर नळीत घालायचा, शेपूट कोमट करायची, पट्टा बांधायचा, तो गप्प बसेपर्यंत आपणही श्वास धरून बसायचं. तीन दिवस नुसती सवय, मग चौथ्या दिवशी आकडा. आणि तुझ्या एका निळ्या वहीने सगळं पाण्यात.

शांतपणे लिहायचं ठरवून बसले होते, तरी जमलं नाही.

हे बघ. परीक्षकांनी रजिस्टर मागितलं, ते तू पाठवलंस. त्यांनी वही मागितलेली नाही. कोणी विचारलेलंच नाही. ती तुझ्याजवळच राहू दे. सरांना मी अजून काही बोललेले नाही. पिल्लू कोणाचं दूध पितं याने गुणसूत्र तर बदलत नाही ना?

एवढं माझ्यासाठी कर.

भिंगरी


२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

काल साहेबांनी खोलीत बोलावलं. स्वतःहून खुर्ची पुढे केली, तेव्हाच मी ओळखलं की पाणी मुरतंय. म्हणाले, "बाई, तुमच्याकडे म्हणे एखादी खासगी वही आहे?" मी म्हटलं, "आहे की, आजवर सतरा झाल्या. कुठली हवी?" म्हणाले, "निळी." तुझ्या सरांचा त्यांना फोन आला होता.

म्हणजे तू सरांना सांगितलं होतंस, आणि मला लिहिलंस 'अजून नाही'. लहानपणी खोकल्याचं औषध कुंडीत ओतून यायचीस आणि विचारलं की म्हणायचीस 'अजून नाही घेतलं'. ते झाड मेलं, तेव्हा कळलं. असो.

साहेब म्हणाले, "अशा अनधिकृत नोंदींमुळे संस्थेची अडचण होते. वही इथे जमा करा." मी म्हटलं, "वही माझी, शाई माझी, पिल्लं मी जगवली. जमा कशाची करू?" मग आवाज बदलला. परवानगीशिवाय पिल्लांची अदलाबदल म्हणजे निष्काळजीपणा, तो माझ्या सेवापुस्तकात लिहावा लागेल, आणि ऑगस्टअखेर निवृत्ती असताना शोभतं का हे वगैरे. मी म्हटलं, "अवश्य लिहा. मी खाली सही करते. फक्त पूर्ण लिहा: किती पिल्लं हलवली, किती जगली, आणि ती जगल्यावर तुम्ही वार्षिक अहवालात कोणाच्या नावावर लावलीत."

त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले. पिंजरे धुवायचे होते.

तुझ्यावर रागावले नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला? रागावले आहे. तू मला वही लपव म्हणालीस. मी ती लपवणार नाही, जाळणार नाही, साहेबांना देणार नाही. कोणी विचारलं तर दाखवीन. परीक्षकांचा पत्ता माझ्याकडे आहे, प्रत मागवताना तूच कळवला होतास. पण मी त्यांना लिहिणार नाही. ते तुझं काम आहे.

तुझं स्वतःचं प्रेशर शेवटचं कधी मोजलंस? उंदरांचं नाही विचारत.

काकू


१८ मार्च

चि. भिंगरीस,

महिना होत आला, पत्र नाही. रागावली असशील तर रागावल्याचं तरी लिही. काका रोज पोस्टमनला अडवतात. तो आता रस्ता बदलून जातो. फोन करावा तर फोन साहेबांच्या टेबलावर, म्हणून हे लिहिते.

इकडची बातमी. तुझ्या नावावर मंजूर झालेल्या उंदरांपैकी अठ्ठेचाळीस अजून तू उचललेले नाहीत. कागद माझ्या फायलीत आहे, मुदत सप्टेंबरपर्यंत आहे. त्या कागदावर मी जोड्या लावल्या: तापट, ठिगळवाले आणि शांत, सगळे दोनच दिवसांत. साहेब म्हणाले, "हे करायचं नाही." मी म्हटलं, "तसं लेखी द्या." लेखी नकार द्यायचा तर कारण द्यावं लागतं, आणि कारण लिहायचं तर निळी वही लिहावी लागते. आठ दिवस झाले, कागद कोरा आहे. आमच्या कचेरीत कोऱ्या कागदाचा अर्थ 'हरकत नाही' असा होतो, हे साहेबांनीच मला शिकवलेलं.

माद्यांची पोटं दिसायला लागली आहेत. महिनाअखेर वितील. या वेळी एकही पिल्लू नशिबावर सोडणार नाही. अर्धे तापट तापट मादीखाली, अर्धे शांत मादीखाली. ठिगळवाल्यांचंही तसंच, निम्मे तापट मादीकडे, निम्मे शांत मादीकडे. प्रत्येकाला आई बदलून मिळणार. कोणालाही स्वतःच्या आईकडे ठेवणार नाही, म्हणजे हलवल्याचा त्रास सगळ्यांना सारखा.

हे मला कोणी शिकवलं नाही. तीस वर्षं तुमच्यासारख्यांचे तक्ते भिंतीला चिकटवतेय, त्यांतलं थोडं अंगाला लागलंच.

तुला उंदीर नको असतील तर तसं कळव. पण तेही लेखी.

काकू


२ एप्रिल

काकू,

खोटं बोलले, हे खरं. सरांना त्याच दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले, "हा विषय या खोलीबाहेर गेला नाही तर बरं." मला वाटलं ते वहीबद्दल मलाच सांगताहेत. तुझ्या साहेबांना फोन करतील असं वाटलं नव्हतं. तुझ्या सेवापुस्तकाला हात लागेल असं तर मुळीच नाही.

लेख एक मार्चला गेला. त्यावर माझं नाव आहे, माझी सही आहे.

महिनाभर का लिहिलं नाही ते सांगते. नऊ मार्चला विभागाच्या बैठकीत मी तोच निष्कर्ष मांडत होते. अठराच्या आकड्यापाशी आले आणि नाकातून रक्त यायला लागलं. फळ्यावर थेंब पडले. सगळ्यांना वाटलं उन्हाने. दवाखान्यात मोजलं तर वरचा एकशे अडुसष्ट, खालचा एकशे दहा. डॉक्टर म्हणाल्या, घरात कोणाला? मी सांगितलं, आई, आजी. त्यांनी मान हलवली, थोरल्या आत्यासारखीच. खरं सांगायचं तर दोन वर्षांपासून डोकं दुखतं. तुला कळवलं नाही.

गोळ्या आणल्यात. पाकीट टेबलावर आहे, फोडलेलं नाही.

काकू, तुला कळतंय का मला तो तुकडा का हवा होता? आमच्या रक्तात आहे, आमच्या रक्तात आहे, हे मी जन्मभर ऐकलं. मला ते कुठे आहे ते बघायचं होतं. बोट ठेवून म्हणायचं होतं, हे बघा, एवढंसं आहे, एवढंच बदललं की माणूस सुटतो. आणि तू म्हणतेस की तुकडा नव्हे, दूध.

मग मला हे सांग. मला चार वर्षांची असल्यापासून तू वाढवलंस. तुझ्याइतकं शांत माणूस मी पाहिलेलं नाही. मग माझं का नाही उतरलं?

उत्तर नसेल तर नको देऊस.

भिंगरी


१२ एप्रिल

चि. भिंगरीस,

उत्तर आहे, आणि चांगलं खणखणीत आहे.

पहिली गोष्ट, मी उंदीर पाळते. तुला पाळलेलं नाही. उंदराची तिसऱ्या आठवड्यात दूध सुटून सुट्टी होते, मग तो आणि त्याचं नशीब. तुझं तसं नाही. तेव्हा माझ्या वहीतला धडा उचलून स्वतःच्या कपाळाला चिकटवू नकोस. तेवढी अक्कल मला नसेल, तुला असायला हवी.

दुसरी गोष्ट मी सव्वीस वर्षं बोलले नाही. तुझे बाबा असेपर्यंत बोलायचं नाही असं ठरवलं होतं. भावजी गेल्यावर काकांना वाटलं, आता कशाला. मी वही लपवणार नाही म्हणून तुझ्यावर तोंड टाकलं आणि हे मात्र लपवून बसले होते, म्हणून लिहिते.

तुझ्या आईचं प्रेशर तिला माहीत होतं. जायच्या आदल्या वर्षी मीच तिला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज घ्यायच्या सांगितल्या. ती हसली. म्हणाली, "वहिनी, आमच्यात असतंच ते. माझ्या आईलाही होतं. गोळ्या घेऊन काय रक्त बदलतंय?" ती गेल्यावर कपाट आवरायला मी गेले. कपड्यांच्या घडीखाली सात पाकिटं होती. सातही न फोडलेली.

तुझी आई रक्ताने नाही गेली. 'आमच्यात असतंच ते' या तीन शब्दांनी गेली. ते तीन शब्द तिला सगळ्यांनी मिळून पाजले होते: तिच्या आईने, मावशांनी, थोरल्या आत्याने. मीही गप्प बसून पाजले. पाकिटं रिकामी होत नाहीत हे मी बघायला हवं होतं. तेव्हा मी वही ठेवत नव्हते. निळ्या वह्या त्यानंतर सुरू झाल्या.

आणि तू लिहितेस, पाकीट टेबलावर आहे, फोडलेलं नाही!

रक्तात असेल तर असू दे. असलंच पाहिजे, तापट तापटच असतो, मी तीस वर्षं बघतेय. पण रक्तात आहे म्हणून हात बांधून बसायचं, हे कुठल्या गुणसूत्रावर लिहिलंय ते मला दाखव. फोड ते पाकीट. आत्ता, हे पत्र खाली ठेवून.

ठेवलंस? बरं.

पिल्लं अठ्ठावीस तारखेपासून आली. अठ्ठेचाळीस निवडली, प्रत्येक गटात बारा. डोळे आता उघडतील. कोण कोणाचं आणि कोणाखाली, ते फक्त वहीत आहे.

काकू


२३ एप्रिल

काकू,

फोडलं. पत्र वाचतानाच, तू सांगितलंस त्याच ओळीला. मग तीनदा वाचलं. आईचं वाचून खूप रडले, आणि मग खूप राग आला. तुझा थोडा, तिचा जास्त. सात पाकिटं!

तो राग घेऊनच सरांच्या खोलीत गेले. लेख मागे घ्या म्हटलं. ते म्हणाले, "बैस. तू थकली आहेस. पिल्लू कोणाचं दूध पितं याने गुणसूत्र बदलतं का?"

हे वाक्य त्यांचंच होतं. मी तुला माझं म्हणून लिहिलं होतं.

मी म्हटलं, "गुणसूत्र नाही बदलत सर. आकडा बदलतो. आणि आपण आकडा छापतोय."

"एका पिंजरे धुणाऱ्या बाईच्या वहीवर तू पाच वर्षं घालवणार?"

"पंधरा उंदीर त्या बाईनेच जगवले. नाहीतर आपल्याकडे नऊच असते, आणि सहाचा आकडा असता."

"प्रबंध या वर्षी होणार नाही."

"नको होऊ दे."

"माझ्या यंत्राला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

बाहेर आले तेव्हा नाक कोरडं होतं. तिथूनच नियतकालिकाला पत्र टाकलं की या लेखाला माझी संमती नाही आणि का नाही. दुसरं परीक्षकांना, तुझ्या पंधरा नंबरांसकट. पत्ता माझ्याकडेही होता, काकू. इतके दिवस होता.

स्टोअरच्या कपाटावर एक जुनं यंत्र पडलंय, शेपटीचा पट्टा चिरलेला, शेपूट कोमट करायची पेटी मेलेली. स्टोअरकीपर म्हणाला, "घेऊन जा, निदान वरची धूळ तरी कमी होईल." पट्टा नवा बसवला. पेटी दुरुस्त होतेय. उंदीर सरांच्या नाही, विभागाच्या खोलीत राहतील. मंजुरी माझ्या नावावर आहे, तीही लेखी.

पण एक अट. कोणता उंदीर कोणत्या गटातला, ते मला सांगायचं नाही. खोक्यावर फक्त एक ते अठ्ठेचाळीस. मला कळलं तर माझा हात एखाद्यावर माया करेल, आणि या वेळी मला कोणावरच माया करायची नाही. मोजून झालं की पाच जुलैला मी आकडे तुला पोस्टाने टाकीन, त्याच दिवशी तू वहीतलं पान मला टाकायचं. दोन्ही पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडतील. मग कोणालाच काही बदलता येणार नाही. मलाही नाही आणि तुलाही नाही.

भिंगरी


५ जुलै

चि. भिंगरीस,

ठरल्याप्रमाणे वहीतलं पान सोबत आहे. कापून काढलेलं नाही, हाताने नक्कल केली आणि काकांकडून दोनदा ताडून घेतली. ते चष्मा लावून इतक्या मोठ्याने वाचत होते की शेजाऱ्यांनाही आता प्रत्येक उंदराची दाई पाठ आहे.

तुझे आकडे काय आलेत मला माहीत नाही. काहीही आले असतील तरी तेच लिही.

काकू

ता. क. मी काका. ही स्वयंपाकघरात गेली आहे तोवर लिहितो. हिचं स्वतःचं प्रेशर मार्चपासून एकशे चौसष्ट आहे. साहेबांची भानगड झाली तेव्हा चक्कर आली म्हणून मीच नेलं होतं. डॉक्टरांनी गोळी दिली. घेत नाही. म्हणते, "माझ्या घराण्यात कोणालाच नाही, मला कुठून होणार?" तुला कळवू नको म्हणाली. मी शब्द दिला होता. आता मोडला.


५ जुलै

काकू,

अठ्ठेचाळीस आकडे सोबत आहेत. तुझं पान आलं की बेरीज करीन. त्याआधी माझा आकडा लिहून ठेवते: एकशे तीस, खाली शहाऐंशी. अठ्ठ्याहत्तर दिवस, एकही गोळी न चुकवता. बत्तिसावं लागून आज तेवीस दिवस झाले. थोरल्या आत्याचं गणित चुकतंय ना? चुकू दे. मला ते आता मोजायचं नाही.

भिंगरी


१२ जुलै

काकू,

पान आलं. बेरीज केली, विभागातल्या दोघींकडून तपासूनही घेतली.

तापट पिल्लं तापट मादीखाली: एकशे शहाऐंशी. तापट पिल्लं शांत मादीखाली: एकशे सत्तर. ठिगळवाली तापट मादीखाली: एकशे एकोणऐंशी. ठिगळवाली शांत मादीखाली: एकशे बासष्ट.

म्हणजे दूध आणि कूस मिळून सोळा-सतरा. माझं ठिगळ, सात-आठ. अठराचं आठ झालं, पण हे आठ माझं आहे. कोणाच्या कुशीतून चोरलेलं नाही. सरांनी लेख मागे घेतला. नियतकालिकाने त्यांच्याकडे रजिस्टर आणि वही दोन्ही मागितली होती. परीक्षकांचं चार ओळींचं पत्र आलं: प्रबंध नोव्हेंबरमध्ये बघू, आणि त्या बाईंना विचारा, त्यांच्याकडे आणखी सोळा वह्या आहेत म्हणे, त्या बघायला मिळतील का. बाहेर पडून नवा मार्गदर्शक शोधतेय. एकीने होकार दिलाय. तिने आधी वहीबद्दल विचारलं, मग माझ्याबद्दल.

आता तुझ्याकडे येते. काकांचा ता. क. वाचला.

'माझ्या घराण्यात कोणालाच नाही.' चार शब्द झाले, आईच्यापेक्षा एक जास्त. मला पाकीट फोडायला लावणारी बाई स्वतःचं पाकीट घडीखाली ठेवते? कपड्यांच्याच घडीखाली ना? मी येऊन बघू का?

तुझंच वाक्य तुला परत पाठवते, हाताने नक्कल करून: फोड ते पाकीट. आत्ता, हे पत्र खाली ठेवून.

मी थांबलेय.

भिंगरी


३१ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

घडीखाली नव्हतं. डाळीच्या डब्यामागे होतं. फोडलं. त्याच दिवशी फोडलं होतं, पण तुला लगेच कळवलं असतं तर तू जिंकल्यासारखी झाली असतीस, म्हणून दीड महिना वाट बघितली. आज एकशे अडतीस. काका शेजारी उभे राहून आकडा वाचतात, माझ्यावर विश्वास नाही म्हणे.

आज शेवटचा दिवस. सेवापुस्तकात निष्काळजीपणा लिहिलेला नाही. परीक्षकांचं पत्र साहेबांनाही आलं असावं, कारण आठवड्यापूर्वी नवं रजिस्टर छापून आलं. त्यात एक रकाना जास्त आहे. साहेबांना तिथे 'संगोपन-मातेचा तपशील' असं हवं होतं. मी म्हटलं, माझ्या जागी जी येईल तिला सकाळी सहा वाजता ओल्या हाताने लिहायचंय, तिला कळेल असं लिहा. छापखान्यात मी स्वतः जाऊन बसले. 'कोणी पाजलं' असंच छापलंय.

पहिली ओळ मीच भरली. तापट मादी, आठ पिल्लं, दूध कमी, चार शांत मादीकडे. नवी बाई बाजूला उभी होती. भुसा कसा चोळायचा ते तिला दाखवलं. मादीने हुंगलं, माझ्याकडे बघितलं आणि पाजायला लागली.

सतरा वह्या पोस्टाने तुझ्याकडे निघाल्या आहेत. अठरावी मी ठेवून घेतली. तिच्यात उंदीर नाहीत. डावीकडे माझा रोजचा आकडा, उजवीकडे तुझा. उजवी बाजू कोरी आहे. आमच्या कचेरीत कोऱ्या कागदाचा काय अर्थ होतो ते तुला माहीत आहे, पण या वहीत तो चालणार नाही. दर सोमवारी आकडे पाठव.

काकू